स्विफ्टच्या डिकीवरचा स्पीकर ट्रे : भोक पाडायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा. २०१९ ची स्विफ्ट आहे, कंपनीचा पार्सल ट्रे, म्हणजे मागच्या सीटमागे डिकी झाकणारी फळी, आहे, सिक्स बाय नाईनची, म्हणजे मोठ्या लंबगोल स्पीकरची, जोडी घेऊन झाली आहे. राहायला पुण्यात धायरीत, आणि दिवाळीत कोकणात जायचंय. कंपनीच्याच ट्रेला दोन भोकं पाडून स्पीकर बसवले तर चालतील का? नाही चालले तर घरच्या घरी प्लायचा ट्रे करता येईल का? हाताशी ड्रिल आणि जिगसॉ आहे, सुतारकामाचा अनुभव म्हणजे आजवर केलेला एक चपलांचा स्टँड.

पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. चपलांचा स्टँड डगमगत नसेल तर ट्रेही जमेल.

मी बावीस वर्षं गाड्यांत स्पीकर बसवतोय आणि त्याआधी वडिलांच्या हाताखाली सुतारकाम केलंय, त्यामुळे माझं मत थोडं सुतारी वळणाचं आहे हे धरून चाला. लोक स्पीकर निवडायला दोन महिने घालवतात आणि ट्रे एका दुपारी उरकतात. मधल्या किमतीतल्या कुठल्याही दोन सिक्स बाय नाईनमध्ये जेवढा फरक असतो, त्याच्या कितीतरी पट फरक ढिल्या आणि घट्ट ट्रेमध्ये असतो.

कंपनीचा ट्रे असतो तो पिशव्या झाकायला. दाबलेल्या भुशाचा नाहीतर पातळ प्लास्टिकचा, वजनाला हलका, दोन बाजूंच्या खुंट्यांवर टेकलेला आणि दोन दोऱ्यांनी मागच्या दाराला अडकवलेला. सिक्स बाय नाईनचा एकेक स्पीकर मॅग्नेटसकट दीड-दोन किलोचा. जोडी बसली की ट्रे मधोमध पोट काढतो, आणि एप्रिलच्या उन्हात काचेखाली तापला की ते पोट कायमचं राहतं. पण वाकणं हे दुय्यम. खरा घोटाळा आवाजाचा आहे.

स्पीकरचा कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढून निघालेला आणि मागून निघालेला आवाज एकमेकांच्या बरोबर उलट असतो. दोघांची गाठ पडली की दोघंही एकमेकांना मारतात. यात पहिला बळी बेसचा जातो, कारण खालच्या सुरांच्या लाटा लांबलचक असतात. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटरची. स्पीकरला वळसा घालून पलीकडे जायला तिला कसलीच अडचण नसते. ट्रेचं काम या दोन बाजूंमध्ये भिंत उभी करणं, एवढंच आहे. भिंत थरथरता कामा नये आणि तिला फटी असता कामा नयेत. खाली स्विफ्टची २६८ लिटरची डिकी आहे, ती पेटीचं काम आपोआप करते. स्पीकरखाली वेगळी पेटी बांधायची गरज नाही.

पटत नसेल तर नवा स्पीकर खोक्यातून काढून एखाद्या टेपला, म्हणजे म्युझिक सिस्टीमला, जोडा, हातात धरा आणि कमी आवाजात एखादी ढोलकीची लावणी लावा. ढोलकीच्या शाईवरची बोटं ऐकू येतील, धूम, म्हणजे खालचा घुमारा, जवळजवळ नाहीच. आता टीव्हीच्या रिकाम्या खोक्याला स्पीकरएवढं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर दाबून धरा. धूम कुठून आली असं वाटेल. हा प्रयोग मी गिऱ्हाइकाला दुकानात करून दाखवतो, मग प्लायच्या पैशांवरून घासाघीस होत नाही.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नंतर म्हणू नका आधी का बोलला नाहीत. पुढे बसणाऱ्या दोघांना गाणं चांगलं ऐकू यावं असा हेतू असेल तर पहिला खर्च पुढच्या दारांवर करावा. तिथे बरे स्पीकर आणि दाराच्या पत्र्याला थरथर मारणारी डॅम्पिंग शीट. गायक समोर असावा, मानेमागे नको. पण तुम्ही जोडी घेऊन बसला आहात, आणि सिक्स बाय नाईनच्या कोनाचं क्षेत्रफळ आठ इंची गोल स्पीकरच्या आसपास जातं, त्यामुळे खास बेससाठीचा वेगळा सबवूफर न लावता बऱ्यापैकी भरीव बेस मिळतो हेही खरंच. मग काम नीट करू.

लाकडाचं आधी. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) की प्लाय, यावर दुकानादुकानांत वाद आहे. बंद पेटीला एमडीएफ उत्तमच. तो सगळीकडे सारखा घट्ट असतो, आत पोकळी निघत नाही, कापल्यावर कड गुळगुळीत येते. ट्रेची गोष्ट निराळी. तो रोज तापतो, आणि जूनपासून मागच्या दाराच्या बीडिंगमधून केव्हातरी पाणी येतंच. पाणी प्यायलेला एमडीएफ चहात बुडवलेल्या खारीसारखा फुलतो, वाळल्यावर परत बसत नाही, आणि स्क्रू बोटाने फिरवला तरी बाहेर येतो. म्हणून मी ट्रेला प्लायच वापरतो, बीडब्ल्यूआर ग्रेडचा, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा. त्यावर आयएस ३०३ या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्या. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, तो घेतलात तर वाईट काहीच नाही, पण ट्रेला त्याची गरज नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सबंध शीट मिळते, आठ बाय चारची. तुम्हाला लागतो चार बाय दोनचा तुकडा, आणि तुकड्यासाठी दुकानदार कुरकुर करतात. त्यापेक्षा फर्निचरचं काम चालू असलेल्या फ्लॅटमधल्या मिस्त्रीला विचारा, धायरीत अशा फ्लॅटना तोटा नाही. तुकडा हातात आला की बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून बघा. मध्येच कुठे आवाज पोकळ आला तर आतला थर तुटका आहे. ती जागा नेमकी स्पीकरच्या स्क्रूखाली आली की बोंबला.

जाडी १२ एमएम की १८? फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. १२ ची १८ केली की वजन दीडपट होतं, पण ताठपणा तिपटीच्या वर जातो. हिशोब ऐकून १८ घ्यावीशी वाटते. पण मीटरभर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद असा १८ एमएमचा तुकडा पाच किलोंच्या पुढे जातो, १२ चा साडेतीनपर्यंत. मी १२ ची फळी घेतो आणि तिच्या पोटाला लाकडी रिपा, म्हणजे अरुंद पट्ट्या, मारतो, दीड इंच उंचीच्या. एक लांबीने, पुढच्या कडेजवळ. दुसरी मागच्या कडेजवळ. आणि दोन स्पीकरच्या मधून एक आडवी. फेविकॉल लावून स्क्रूने आवळल्या की फळी १८ एमएमच्या तोंडात मारेल इतकी ताठ होते. स्पीकर बसतो त्या भोकाभोवती खालून १२ एमएमची आणखी एक रिंग चिकटवायची, म्हणजे तिथली जाडी २४ होते.

आता फर्मा, म्हणजे ट्रेच्या आकाराचा पुठ्ठ्याचा साचा. सगळं काम इथेच जमतं किंवा बिघडतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

कंपनीचा ट्रे प्लायवर ठेवून पेन्सिल फिरवायची आणि कापायचं, असं बहुतेकजण करतात. तसं करू नका. त्या ट्रेच्या कडा दुमडलेल्या, उतरत्या असतात, आणि तो मुळातच ढिला बसायला केलेला असतो. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि फर्मा एकसंध न करता दोन अर्ध्या तुकड्यांत करा. डावा तुकडा डाव्या प्लास्टिकला भिडवायचा, उजवा उजव्याला, मध्ये दोन्ही एकमेकांवर वीतभर चढू द्यायचे. दोन्ही बाजू मनासारख्या बसल्या की मधल्या जोडावर चिकटपट्टी मारायची आणि फर्मा अख्खा बाहेर काढायचा. एकसंध पुठ्ठा घेऊन बसलात तर एक बाजू बसवताना दुसरी सुटते, आणि कापत कापत शेवटी ट्रे रुमालाएवढा उरतो. बाजूची वळणं पुठ्ठ्यावर उतरवायला शाळेतला कंपास पुरतो. पुठ्ठा वळणाच्या जवळ ठेवा, कंपासचं टोक गाडीच्या प्लास्टिकला टेकवून वरून खाली ओढत न्या, पेन्सिल तीच रेघ पुठ्ठ्यावर काढते. टोकाखाली चिकटपट्टीचा तुकडा लावा, नाहीतर प्लास्टिकवर ओरखडा कायमचा.

फर्मा बसला की उंची मापायची, आणि हे काम करायचं कणकेने. लिंबाएवढे सात-आठ गोळे करा आणि फर्म्यावर जिथे स्पीकर येणार तिथे ठेवा. वर स्पीकरच्या जाळीएवढी उंची हवी असते, म्हणजे अडीच-तीन सेंटिमीटर. मागचं दार नेहमी बंद करता तसंच आपटून बंद करा, मग हळूच उघडा. गोळा चपटा झाला असेल तर तिथे काच किंवा दाराचं अस्तर लागतंय. उरलेल्या गोळ्याची जाडी मोजली की तुमच्याकडे नेमकी किती जागा आहे ते एमएममध्ये कळतं. मागची काच तिरकी असते, त्यामुळे स्पीकर दोन बोटं पुढेमागे केला तरी एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. घरात कणीक वाया गेल्याची बोलणी बसतील, पण फुटलेल्या जाळीपेक्षा स्वस्त.

खालचीही खोली बघा. या स्पीकरची खोली साधारण सात ते नऊ सेंटिमीटर असते. मागच्या सीटची पाठ मागे रेलते तिथे मॅग्नेट आडवा येऊ नये, आणि चाकाच्या फुगवट्यावरही बसू नये. गाडीला सीएनजी लावला असेल किंवा पुढे लावायचा विचार असेल तर सिलिंडर आणि मॅग्नेट यांच्यात हाताचा पंजा जाईल एवढी मोकळी जागा ठेवा. सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात चटकन पोचला पाहिजे. सिलिंडरच्या ब्रॅकेटला ट्रेचा एकही स्क्रू मारायचा नाही. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टला, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीला, सिलिंडर उतरवावा लागतो, तेव्हा ट्रे दोन मिनिटांत निघाला नाही तर तिथला माणूस तुमच्या नावाने खडे फोडेल.

स्पीकरचं भोक सहा बाय नऊ इंचांचं नसतं, हे नावावर जाऊन केलेलं वेड्यांचं गणित. ते साधारण १५ बाय २२ सेंटिमीटर येतं, आणि तेही कंपनीगणिक थोडं हलतं. खोक्यात कागदी साचा येतो, तोच वापरा. दोन्ही स्पीकर मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर, जमेल तितके बाहेरच्या बाजूला.

कापताना एक गोची आहे, त्यात मीही दोनदा सापडलोय. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, म्हणून चिरफाळ्या वरच्या अंगाला निघतात. त्या दिसू नयेत म्हणून आपण फळी उलटी करून मागून कापतो. मग फर्माही उलटा ठेवायला हवा. गाडीची डावी-उजवी बाजू दिसायला सारखी असली तरी हुबेहूब नसते, फर्मा सुलटा राहिला की कापलेला ट्रे आरशातल्या गाडीत बसतो. फर्म्यावर मोठ्या अक्षरात 'वर' आणि 'डावी' लिहूनच गाडीतून बाहेर काढा. कापड किती जाड लावणार तेही आधीच ठरवा. ३ एमएमचा फेल्ट असेल तर दोन्ही बाजूंना तीन-चार एमएम आत कापायचं. नाहीतर नागडा ट्रे छान बसतो आणि कपडे घातल्यावर आत जात नाही.

भोकासाठी आधी रेघेच्या आत दहा एमएमचं छिद्र पाडून पातं त्यात घालायचं, घाई न करता फिरवायचं. कड कानशीने आणि पॉलिशपेपरने साफ करून घ्या. स्पीकर लाकडी स्क्रूने आवळू नका, आपल्या रस्त्यांवरच्या स्पीडब्रेकरनी ते सहा महिन्यांत सैल होतात. खालून टी-नट, म्हणजे लाकडात रुतणारे दातेरी नट, ठोका आणि वरून मशीन स्क्रू लावा. मग प्लायला सीलर किंवा प्रायमरचे दोन हात. कडांना तीन, कारण प्लाय पाणी कडेनेच पितो. ही पायरी प्रत्येकाला टाळावीशी वाटते.

आता जे सांगतोय ते लक्ष देऊन वाचा. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या मारुती झेनमध्ये मी १८ एमएमचा ट्रे केला होता. इतका घट्ट बसला की बोल्टची गरजच वाटली नाही, नुसता दाबून बसवला. वरंधा घाटाने भोर करून पुण्याला येत होतो. कात्रजचा नवा बोगदा संपला की पुढे तो लांब उतार लागतो, त्या उतारावर पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, म्हणून मीही मारला. धडक झाली नाही. पण ट्रे सुटून मागच्या सीटवरून पुढे आला. मागच्या सीटवर माणूस नव्हता, दोन फणस होते. एकात मॅग्नेट चार बोटं रुतला होता. फणस सोलायचं काम वाचलं म्हणून घरी हसले सगळे, मला त्या रात्री झोप लागली नाही.

स्पीकर धरून ट्रे सात-आठ किलोचा होतो. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर त्या आठ किलोंना धरून ठेवायला शंभर किलोंहून जास्त ताकद लागते. दोन दोऱ्या आणि दोन प्लास्टिकच्या खुंट्या ते करू शकत नाहीत. म्हणून ट्रे गाडीच्या पत्र्याला बोल्टनेच धरलेला हवा.

कसा धरायचा? दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकवर भार टाकू नका, ते पोकळ असतं. प्लास्टिक काढलं की मागे पत्र्यात कंपनीने आधीच पाडलेली छिद्रं आणि नट दिसतात. त्यातलं मोकळं सापडलं तर त्यावर लोखंडी अँगल बसवा, नाही सापडलं तर गॅरेजमधून रिव्हनट, म्हणजे पत्र्याच्या छिद्रात पक्का बसणारा नट, मारून घ्या. हे एक काम मी घरी करायला सांगणार नाही. जिकडे पेट्रोलचं झाकण आहे त्या बाजूला पत्र्याआड पेट्रोलचा पाइप उतरतो, तिथे डोळे झाकून ड्रिल चालवणं म्हणजे आत्महत्या. सीटबेल्टच्या बोल्टखाली अँगल दाबून घ्यायचा मोहही आवरा. तो बोल्ट माणूस धरायला आहे, तुमचा ट्रे धरायला नाही. बेल्टची पट्टी ट्रेच्या कडेला घासत नाही ना, तेही बेल्ट लावून, काढून, पुढे झुकून बघा. आणि खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असलेली गाडी असेल तर मागच्या खांबाच्या अस्तरामागून वायर न्यायची नाही.

अँगलवर ट्रे टेकवायचा, मध्ये फोमची पट्टी, आणि चार कोपऱ्यांत चार बोल्ट वर काढून बटरफ्लाय नट लावायचे. हाताने फिरवून निघतात. गौरींचं सामान आणायचं असेल किंवा सीट पाडून सायकल घालायची असेल तेव्हा पान्हा शोधत बसावं लागत नाही. ट्रेच्या चारी कडांना खालून फोम टेप फिरवा, आवाजाच्या दृष्टीने तीच भिंतीची गवंडीगिरी. दोऱ्या मात्र कायमच्या काढा. त्या हलक्या ट्रेसाठी आहेत. ठेवल्यात तर दार उघडताना सगळा भार दोऱ्यांच्या खुंट्यांवर येतो आणि खुंटी मुळासकट निघते.

कापडाचं फार सांगण्यासारखं नाही. काळा किंवा कोळशाच्या रंगाचा फेल्ट घ्या. फिकट रंगाचा ट्रे मागच्या काचेत दिसतो आणि आरशातून मागची गाडी धूसर दिसते, रात्री तर फारच. नाना पेठेत सीटकव्हरवाल्यांकडे फेल्ट मीटरवर मिळतो. चिकटवायला साधा पांढरा फेविकॉल नको. बंद गाडीत मागच्या काचेखाली मे महिन्यात तापमान साठ अंशांच्या वर जातं, म्हणून हीटएक्ससारखा उष्णता सोसणारा रबरी गोंद घ्या. दोन्ही अंगांना पातळ हात, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की बसवायचं. ओला असताना बसवलात तर फुगे येतील. रेक्झिन लावायचा मोह अनेकांना होतो, नवा असताना दिसतोही छान, पण उन्हाने आक्रसतो आणि दोन उन्हाळ्यांत कडा सोडतो. स्पीकर घेताना कडेचं रबर बघितलं असेलच. फोमची कड असेल तर ती याच उन्हात काही वर्षांत भुगा होते.

वायरिंगमध्ये एकच चूक महागात पडते, आणि ती सगळ्यात सोपी वाटणारी असते. मागच्या दारात स्पीकर आहेत, त्यांचीच वायर ओढून ट्रेच्या स्पीकरला जोडायची. दारातला ४ ओहमचा, ट्रेवरचाही ४ ओहमचा. दोघं समांतर जोडले की २ ओहम होतात, आणि गाडीच्या टेपला ते झेपत नाही. टेप तापतो, आवाज वाढवला की बंद पडतो, आणि एक दिवस आतली आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, जाते. म्हणून दारातले मागचे स्पीकर सोडवून ट्रेचे जोडा, किंवा चारही हवे असतील तर वेगळा अॅम्प्लिफायर घ्या. टेपवर लिहिलेलं ५० बाय ४, म्हणजे चार चॅनलना ५०-५० वॉट, हे कमाल आकड्याचं कौतुक आहे, सलग मिळणारी ताकद एका चॅनलला पंधरा-वीस वॉटच असते. खोक्यावर ५०० वॉट छापलेला स्पीकर त्याने काही मोठा वाजत नाही. बघायचा आकडा म्हणजे आरएमएस, म्हणजे सलग पेलणारी ताकद, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो ते. सेन्सिटिव्हिटी ९० डेसिबलच्या वर असलेली जोडी टेपवरही बरी वाजते. अॅम्प लावलात तर बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज, यात तडजोड नाही.

वायर तांब्याची, १६ गेजची. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळते, पण टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची. कंपनीची वायर कापू नका, टेपमागे कपलर, म्हणजे कंपनीच्या प्लगला जुळणारा जोड, लावून घ्या. वायर उंबरठ्याच्या पट्टीखालून आणा आणि ट्रेजवळ चार पिनांचा कनेक्टर द्या. ट्रे काढायचा म्हटलं की कनेक्टर ओढला, झालं.

प्लस-मायनस तपासायला पेन्सिल सेल घ्या. सेलचा प्लस स्पीकरच्या रुंद पत्तीला, मायनस अरुंद पत्तीला, क्षणभर टेकवा. कोन वर उचलला गेला म्हणजे बरोबर. वायरची तपासणीही तशीच, पुढच्या टोकाला, टेपपासून सोडवून. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर दोन्ही वाजतात, बिघाड कुठेच दिसत नाही, फक्त बेस गायब होतो. ट्रे बदलून पाहतात, टेप बदलून पाहतात, अशी गाडी वर्षात दोन-तीनदा माझ्याकडे येतेच.

सगळं बसलं की सूर लावायचा. मोबाईलवर टोन जनरेटरचं अॅप घ्या, ३० हर्ट्झपासून २०० पर्यंत सावकाश चढवत न्या आणि दुसऱ्या माणसाला मागे बसवा. कुठेतरी काहीतरी करकरेल. ट्रेवर, बाजूच्या प्लास्टिकवर, दाराच्या अस्तरावर तळहात दाबत जा. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे फोम. हमखास गुन्हेगार सांगू? मागची नंबर प्लेट. तिच्या कडांमागे फोम टेपचे तुकडे सरकवले की निम्मी करकर संपते. मग टेपचा फेडर, म्हणजे आवाज पुढे-मागे वाटणारी सेटिंग, दोन-तीन घरं पुढे घ्या, म्हणजे आवाज पुढून येतोय असं वाटेल आणि मागचे नुसते भर घालतील.

ट्रेवर काही ठेवायचं नाही. टिश्यूचा डबा, उशी, डोलणारा कुत्रा, छत्री, काहीच नाही. वर सांगितलेलं फणसाचं गणित त्यांनाही लागू आहे.

कंपनीचा ट्रे दोऱ्यांसकट माळ्यावर ठेवा, गाडी विकताना लागेल. पुठ्ठ्याचा फर्माही टाकू नका. मागे मार्करने गाडीचं मॉडेल आणि साल लिहा, कणकेवरून मिळालेली मापं तिथेच टिपा. माझ्या दुकानात असे तीस-चाळीस फर्मे छताला टांगलेले आहेत, झेनचाही आहे.